फ्रिजवरचा तक्ता

मंडळी, या वेळचं सदर जरा घरगुती आहे. दिवाळी अंकानंतर तुमच्यातल्या तिघींनी जवळजवळ एकच निरोप पाठवला: "मुलाची शुगर बॉर्डरवर आली आहे, डॉक्टर म्हणतात लाइफस्टाइल बदला. एखादा डाएट चार्ट देशील का?" मी आहारतज्ज्ञ आहे, असा चार्ट करायला मला दहा मिनिटं लागतात. तरी मी तो तिघींनाही दिला नाही आणि तिघीही थोड्या नाराज झाल्या. का दिला नाही, हे सांगायचं तर तुम्हाला आधी माझ्या माहेरी, नार्व्याला यावं लागेल.

नार्वे म्हणजे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं मांडवीकाठचं गाव. समोर दिवाडी बेट, मध्ये फेरीबोट. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करवला ते सप्तकोटेश्वराचं देऊळ इथलंच. आमचं घर देवळापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. घरात आई, दादा, वहिनी, दहावीतला भाचा आणि सातवीतली भाची. गेल्या वर्षी मी अष्टमीच्या आदल्या दिवशी मोपाला उतरले आणि चतुर्थीचा गणपती पोचवूनच परत निघाले. एवढी मोठी सुट्टी पंधरा वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती.

अष्टमीला पंचगंगेवर स्नानाची गर्दी असते. भाचा पाण्यातून बाहेर आला आणि टॉवेल घेताना त्याची मान मला दिसली. मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. वहिनीनेही तो पाहिला होता. तिला वाटलं मळ आहे, म्हणून ती महिनाभर त्याला बेसन आणि लिंबू लावून मान घासायला लावत होती. बिचाऱ्याची मान लाल झाली होती, पट्टा तिथेच. आपल्या बऱ्याच घरांत हा 'मळ' असाच घासला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते. शरीर इन्सुलिन भरपूर बनवतंय, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, याची ती खूण असू शकते. ती घासायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते.

डिचोलीला नेऊन रक्त तपासलं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी नावाची तपासणी असते, ती ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. दादाने कागद पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे पास झाला की!"

मला हसू आलं नाही. आमच्या बाबांना मधुमेह निघाला तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. शेवटचं दीड वर्ष त्यांचं डायलिसिसच्या फेऱ्यांत गेलं. दादाला तोच आजार ४१व्या वर्षी गाठून बसला. बाबा शेतात राबणारे. दादाचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक विकले, आणि तेव्हापासून तो डिचोलीच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर असतो. आता मुलगा १५ वर्षांचा आणि उंबरठ्यावर उभा. हे आमच्याच घरात आहे असंही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे गोव्यातल्या पंगतीत दर चार मोठ्या माणसांमागे एकाहून जास्त.

तर मी काय केलं? जे माझं काम आहे तेच. रात्री बसून भाच्यासाठी सुंदर रंगीत तक्ता केला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी एक भाकरी, वाटीभर भाजी, भात दोन चमचे, संध्याकाळी भिजवलेले चणे. फ्रिजवर चुंबकाने लावला आणि निश्चिंत झाले.

तक्ता पाच दिवस टिकला. खरं तर तीनच.

पहिल्या दिवशी भाचा मुकाट जेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची कडी, आणि त्याच्या ताटात भाकरी-काकडी. तिसऱ्या दिवशी तो "भूक नाही" म्हणून उठला आणि आपल्या खोलीत गेला. चौथ्या दिवशी चतुर्थीच्या नेवऱ्या तळायला घेतल्या. स्वयंपाकघरात तो सुगंध, भाची शेंडी मोडून सारण खातेय, आणि हा दारात उभा. आईने माझ्याकडे न बघता दोन नेवऱ्या त्याच्या हातात कोंबल्या. पाचव्या दिवशी त्याच्या दप्तरात बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. वहिनी मला म्हणाली, रागाने नव्हे, दमून: "वन्सं, तक्ता तुम्ही त्याच्यासाठी केलात. पण तो करायचा मी, पाळायचा त्याने, आणि बाकीच्यांनी समोर बसून नेवऱ्या खायच्या. असं कसं चालेल?"

मी तक्ता काढून टाकला. वाईट याचं वाटलं, की हे मला आधीपासून माहीत होतं. आपण राहतो त्या कनेक्टिकटमध्येच, येल विद्यापीठात मेरी सॅव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्राइट बॉडीज' नावाचा कार्यक्रम चालवला. वजन जास्त असलेली ८ ते १६ वर्षांची मुलं, आणि त्यांच्याबरोबर आई-वडील. पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा व्यायाम आणि एकदा आहार व सवयींचा वर्ग. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात नेहमीच्या दवाखान्यातल्या सल्ल्यावर राहिलेल्या मुलांचं वजन सरासरी ७.७ किलोने वाढलं, कार्यक्रमातल्या मुलांचं ०.३ किलोने. वाढत्या वयात वजन जागच्या जागी राहणं म्हणजे मोठीच गोष्ट. या अभ्यासात आणखी एक गट होता, ज्याला काय आणि किती खायचं याचा ठरावीक तक्ता दिला होता. तो गट मध्येच बंद करावा लागला, कारण त्यातली बहुतेक कुटुंबं गळाली. पुढे २०१४ मध्ये याच मंडळींनी उंबरठ्यावरच्या मुलांवर हाच कार्यक्रम करून पाहिला आणि सहा महिन्यांत त्यांच्या साखरेच्या तपासण्या सुधारल्या. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, लिओनार्ड एप्स्टाइन यांनी दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या कुटुंबांचा हिशोब मांडला होता. ज्या घरांत मूल आणि पालक दोघांनीही आपापल्या सवयी बदलल्या, तिथली मुलं दहा वर्षांनंतरही सगळ्यात चांगली होती. फक्त मुलावर लक्ष ठेवलं त्या गटात तसं झालं नाही.

हे सगळं मी वर्गात इतरांना शिकवते. आणि स्वतःच्या भाच्यासाठी मात्र फ्रिजवर तक्ता. घरच्या माणसाच्या बाबतीत भीती आधी येते, शिक्षण मागून.

चतुर्थी झाल्यावर एका रात्री सगळ्यांना पडवीत बसवलं. कोरा कागद घेतला आणि कोणी काय खायचं हे न बोलता एवढंच विचारलं, की कालचा दिवस सांगा. कोण किती वाजता उठलं, कोणी काय आणलं, कोणी शिजवलं, कोणी वाढलं, कोण कधी झोपलं. सगळ्यांचा दिवस, फक्त भाच्याचा नाही. दीड तास गेला, पण जे निघालं ते मला तीन आठवडे घरात राहूनही दिसलं नव्हतं.

नेवऱ्या आणि मोदक यांचा दोष फारच थोडा होता. वर्षाचे चार दिवस असतात ते. खरी साखर आणि मैदा रोज, गुपचूप येत होता. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत सकाळी येतो आणि संध्याकाळीही, दोन्ही वेळा दहा-दहा पाव घेतले जात. चहा दिवसातून पाच वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, बरोबर बिस्किटं. रविवारी माशाच्या जेवणावर थंड पेयाची मोठी बाटली. अशा पेयाच्या २५० मिलीलिटरमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. भाचा शाळेतून तडक डिचोलीला ट्यूशनला, स्कूटरवरून. मधल्या सुट्टीत गाड्यावरचं रस-ऑम्लेट आणि तीन पाव. दादा दुकान बंद करून येईपर्यंत जेवण थांबलेलं, म्हणून जेवायला दहा. मग फोन. झोप साडेबाराला, उठायचं सहाला. चालणं? भाचीने हिशोब केला: अंगणातून गेटपर्यंत. दोन वर्षांपूर्वी तो रोज फुटबॉल खेळायचा. ते का सुटलं, तर "दहावी आहे ना यंदा."

या 'दहावी आहे ना' वर माझा खरा राग आहे. इथे तेच आपण 'एसएटी आहे ना' म्हणतो. मूल वर्षभर बसवून ठेवायला आपल्याकडे नेहमीच एक आदरणीय कारण असतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण तो तास सगळ्यात आधी कापतो, कारण त्याचे मार्क नसतात.

मग ठरवाठरवी झाली. मी फक्त दोन गोष्टींवर अडून बसले: ताट सगळ्यांचं एकच, आणि भाच्याच्या वजनाबद्दल, पोटाबद्दल कोणीही, चेष्टेतही, बोलायचं नाही. बाकी त्यांचं त्यांनी ठरवलं. दादाने चहाची साखर दर आठवड्याला थोडी कमी करायचं कबूल केलं. महिन्याभरात अर्ध्यावर आली, आणि आईच्या मते चहाची चवच गेली. पोदेराकडून पाव निम्मे, आणि पाव नको त्या दिवशी कोंड्याची पोई. (हल्लीच्या पोईत कोंडा कितपत असतो हा वेगळा विषय.) थंड पेयाच्या जागी सोलकढी, कारण ती घरात होतीच. भात बंद केला नाही. गोव्याच्या घरात भात बंद करायला सांगणारी मी कोण? पण वाढायचा क्रम बदलला. आधी भाजी, उसळ किंवा मुगागाठी, मग मासे, मग भात.

आणि इथे आईचा प्रश्न होता. आमची आई वाढताना "आनीक इल्लेशें घे रे पुता" असं म्हणत ताटावर उभी राहते. बाबांच्या ताटावरही ती तशीच उभी राहायची. तिला वाढू नको म्हणणं म्हणजे तिला घरातून काढणं. म्हणून वाढप सगळं तिच्याकडेच दिलं, फक्त आग्रहाची जागा बदलली. आग्रह भाजीचा, तायकिळ्याचा, कुळथाचा. भाताचा डाव एकदाच फिरेल. तिला हे इतकं पटलं की तिसऱ्या दिवशी तायकिळ्याच्या भाजीसाठी दादाच मागे सरकू लागला.

जेवण साडेआठला आणलं. दादा दुकान अर्धा तास आधी बंद करू लागला, ही या सगळ्यातली सर्वात महाग गोष्ट. तिची किंमत पैशांत होती आणि ती त्यानेच दिली. जेवणानंतर दादा आणि भाचा देवळापर्यंत चालत जाऊन येतात. जेवल्यावर थोडं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, आणि ते दोघांनाही लागू आहे. वहिनी आणि भाची गावातल्या बायकांच्या फुगडीच्या सरावाला जाऊ लागल्या. फुगडीला हसू नका. मी दहा मिनिटं घातली आणि पायरीवर बसून राहिले. वहिनी पन्नाशीच्या जवळची, ती थांबली नाही. ट्यूशनचा एक दिवस रद्द करून तिथे फुटबॉल आला. दहा वाजता सगळ्यांचे फोन पडवीतल्या टोपलीत. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडला, आणि मोडणारा भाचा नव्हता.

मग मी परत आले. दर रविवारी व्हिडिओ कॉल. ऑक्टोबरमध्ये सगळं छान होतं, दिवाळीत ढासळलं, एका लग्नात पार कोसळलं, डिसेंबरमध्ये पुन्हा जागेवर आलं. जानेवारीत तपासण्या झाल्या. भाचा ५.७. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेला नाही, पण दिशा बदलली. वजन तेवढंच, उंची दोन सेंटिमीटरने वाढली, मानेवरचा पट्टा किंचित फिका. आणि दादाची एचबीए-वन-सी ८.४ वरून ७.५. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी बदलली का? नव्हती. एका घराच्या चार महिन्यांवरून कोणताही सिद्धांत निघत नाही, हे मला कळतं. पण ज्याच्यासाठी केलं त्याच्यापेक्षा ज्याने सोबत केली त्याला जास्त फायदा झाला, हे मात्र मी विसरणार नाही.

आता आपल्याबद्दल. आपली मुलं इथे बारीक दिसतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याने, डॉ. युडकिन यांनी, २००४ मध्ये आपला दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार असतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, आणि ही घडण आईच्या पोटातच सुरू होते असं दाखवलं. म्हणून मुलाच्या वजनकाट्यावर फार विसंबू नका. एक सुतळी घ्या, मुलाच्या उंचीएवढी कापा आणि दुमडून निम्मी करा. ती कमरेभोवती पुरायला हवी. पुरत नसेल, किंवा घरात कोणाला मधुमेह असेल, आईला गरोदरपणात झाला असेल, तर पुढच्या तपासणीत मुलांच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. वयात येताना इन्सुलिनचं काम तसंही मंदावतं, त्यामुळे ही वर्षं नाजूक असतात.

एक गोष्ट वेगळी ठेवते. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, रात्री लघवीला उठू लागलं, भराभर वाळलं, तर त्याला फिरायला नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तो टाइप वन असू शकतो, आणि त्याचा तुमच्या स्वयंपाकघराशी काही संबंध नाही.

"झालाच तर औषध आहे ना," असं एका मित्राने मला ऐकवलं. आहे. पण अमेरिकेत १० ते १७ वर्षांच्या ६९९ टाइप टू मुलांवर 'टुडे' नावाचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांची साखर काही काळाने आवाक्याबाहेर गेली. औषधाच्या जोडीला जीवनशैलीचा कार्यक्रम दिला त्या गटातही फार फरक पडला नाही, ४६.६ टक्के मुलांचं तेच झालं. मुलांतला हा आजार मोठ्यांपेक्षा उर्मट असतो. जे करायचं ते उंबरठ्याच्या अलीकडे.

आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीला ज्यूसची खोकी आणि चिप्स येतात. ते आणणाऱ्यांत मीही आहे. मार्चपासून पाच-सहा कुटुंबांचा एक गट करायचं माझ्या मनात आहे. बारा आठवडे, दर शनिवारी आळीपाळीने एकेकाच्या स्वयंपाकघरात. आई आणि बाबा दोघंही हवेत, भारतातून आजी-आजोबा आले असतील तर तेही. काटा कोणी आणायचा नाही. एक तास काहीतरी खेळायचं, मग जे शिजवू ते सगळ्यांनी एकाच पंगतीत जेवायचं. ज्या घरातून फक्त मूल येईल त्या घराला मी नाही म्हणणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

निरोप पाठवणाऱ्या त्या तिघींना मी एकेक कोरा कागद पाठवलाय. कालचा दिवस, घरातल्या प्रत्येकाचा, उठण्यापासून झोपेपर्यंत. एकीचा भरून आलाय. त्यात नवऱ्याचा रकाना रिकामा आहे, म्हटलंय, "तो म्हणतो त्याला काही झालेलं नाही." तिच्याशी रविवारी बोलणार आहे. त्यालाही फोनवर बसव, असं सांगितलंय.